एकोणतीस फेब्रुवारीची ओळ

विलाईने तर्जनी एंटरवर ठेवली, पण दाबली नाही. आधी तिने मनातल्या मनात पुन्हा मांडून पाहिलं, जमलं तर काय काय पदरात पडेल. आतल्या गार खोलीतली एक खुर्ची. गळ्यात घालायचं, फोटोवालं, कायम नोकरीचं ओळखपत्र. समारंभाला घालायचा सोनेरी गुंड्यांचा पांढरा गणवेश. त्यात फोटो काढून तो घरी आईच्या तसबिरीशेजारी लावायचा, हेही ठरलेलं होतं. आणि सगळ्यांत मोठी मिळकत, जी तिने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती: मार्च आला की करार वाढेल का या धास्तीने पोटात जो गोळा येई, तो पुढच्या वर्षीपासून येणार नव्हता. खाडीच्या पाणीमापन केंद्रात ती एकोणीस वर्षं करारावर होती. असे एकोणीस गोळे तिने गिळले होते.

खर्चाच्या बाजूला काय, तर एक भाषा शिकायची. तीही माणसांशी बोलायची नव्हे, कॉम्प्युटरशी.

तिने एंटर दाबलं. स्क्रीनवर सात ओळी लालभडक उमटल्या.

तव्याला लागावा तसा तिने हात मागे घेतला. मग मान वळवून पकोर्न साहेबांच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. साहेब सकाळपासून फेच्चबुरीला बैठकीला गेले होते. कुणी पाहिलं नव्हतं, म्हणजे अजून काही घडलं नव्हतं.

पकोर्न साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान. बँकॉकला शिकलेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. खाडीच्या तोंडाशी नवा पूल झाला, त्याचे खांब पाण्यात उभे राहिले, आणि तेव्हापासून आत पाणी जुन्या अंदाजाने चढेनासं झालं होतं. नौदलाचं भरतीचं पत्रक बाहेरच्या बंदरापुरतं. आतल्या मिठागरांच्या बांधांना पाणी कधी आणि किती लागेल, ते त्यात नसायचं. तेव्हा साहेबांनी विषय काढला की पूल झाल्यापासूनच्या वह्या आपल्याकडे आहेत, त्यातले आकडे घालून आपलं पत्रक आपणच तयार करू. त्यासाठी त्यांनी विलाईच्या कॉम्प्युटरवर ज्युलिया बसवून दिली. ज्युलिया हे त्या भाषेचं नाव. शास्त्रज्ञ मंडळी मोठमोठी गणितं तिच्यात करतात म्हणे.

"फुकट आहे, ताई, आणि वाऱ्यासारखी पळते," साहेब म्हणाले होते. "लाल अक्षरं दिसली तर घाबरायचं नाही. वाचायची. ती काय चुकलं तेच सांगत असते. मार्चअखेर पत्रक निघालं, की कायमसाठी तुमचंच नाव पाठवतो. नाही निघालं, तर मग..."

वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. सभ्य माणूस. विलाईने ते रात्रभर पुरं करून पाहिलं होतं, नऊ-दहा तऱ्हांनी.

पहिल्या आठवड्यात ती फक्त दोन अधिक दोन करत होती. उत्तर चार आलं की मोकळा श्वास घेई, जणू या वेळी वेगळं येण्याची शक्यता होती. ज्युलिया पहिल्या हाकेला ओ द्यायला फार वेळ लावे, मग मात्र खरंच पळे. एक गोष्ट विलाईला आवडली. साहेब म्हणाले होते की इतर भाषा मोजणी शून्यापासून सुरू करतात, ही एकापासून करते. निदान मोजते तरी माणसासारखी, असं तिच्या मनात आलं. धीर यावा म्हणून तिने केंद्राच्या आवारातल्या रखवालदार देवाच्या खांबावरल्या छोट्या घरापुढे लाल सरबताची बाटलीही ठेवली, नळी घालून. देवाला काय मागितलं ते तिने सांगितलं नाही, पण शिपायाने ओळखलं. "ताई, आपला देव इथला, म्हातारा. त्याला परदेशी भाषा कळते का?" तो म्हणाला.

थोंगबाय मावशीला तर शेवटपर्यंत वाटत राहिलं, की केंद्रात कुणी गोरी बाई आली आहे. थोंगबाय ही विलाईच्या आईची थोरली बहीण. वय बाहत्तर, सात वाफ्यांचं मिठागर, जीभ त्याच मिठाची.

"तुझी ती ज्युलिया जेवते का गं वेळेवर? की सगळा वेळ तुला ओरडतच असते?"

"मावशी, ती बाई नाही."

"बाई नाही तर लाल कशाने होते?"

आज झाली होती, ती अशी. विलाईने पुलानंतरच्या वहीतली दोनशे चव्वेचाळीस दिवसांची पाणीपातळी उतरवून घेतली होती, दिवसाला एक ओळ, एक जुलै २५६६ ते एकोणतीस फेब्रुवारी २५६७. साहेबांचा हुकूम होता की वहीतलं जसंच्या तसं उतरवायचं, एक अक्षर इकडेतिकडे करायचं नाही. तिने केलं नव्हतं. आणि तरीही सात लाल ओळी. तिला इंग्रजी जेमतेम येई. त्या लाल गर्दीतून तिने कसाबसा एक तुकडा वेचला: दिवस २९, मर्यादेबाहेर, १ ते २८.

वाचायचं, असं साहेबांनी सांगितलं होतं. पण भ्यालेला माणूस वाचत नाही, पळायची वाट शोधतो. ती शेवटच्या ओळीवर गेली. २९ फेब्रुवारी २५६७. दोनशे चव्वेचाळिसातली एक. तीही टोकाची, टोकाचं नख कापलं तर बोटाला कळत नाही. तिने ती ओळ पुसली आणि पुन्हा एंटर दाबलं.

लाल गेलं. थोडं थांबून स्क्रीनवर निळी रेघ उमटली, खाली-वर, खाली-वर, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. पुढच्या दोन महिन्यांचं खाडीचं पाणी. विलाई बघतच राहिली. एकोणीस वर्षांत तिच्या हातून इतकं देखणं काही निघालं नव्हतं.

परत आल्यावर साहेबांनीही ती रेघ पाहिली आणि दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला, अर्धा थट्टेत, अर्धा खरा. पत्रकावर खाली त्यांनी तिचं नाव घातलं. शुक्रवारी सकाळी गावप्रमुखांनी ते भोंग्यावरून वाचलं: "ऐका हो ऐका. या पुनवेचं मोठं उधाण सत्तावीस तारखेला, बुधवारी संध्याकाळी. बुधवारी दुपारपर्यंत मीठ ओढून कोठारात घ्यावं. साहेब सांगतात, हे शास्त्राने काढलेलं आहे. आपल्या विलाईने काढलंय."

मार्चमधलं पीक म्हणजे वर्षाचं पीक. वाफ्यातला थर ऊन पिऊन रोज थोडा जाड होतो, आणि शेवटच्या दोन दिवसांत जितका होतो तितका आधीच्या पाचांत होत नाही. म्हणून उधाणाच्या आदल्या घडीपर्यंत जो थांबेल त्याचं मीठ जास्त. पण खाडीचं पाणी एकदा बांधावरून आत आलं, की वाफ्यातलं सगळं तासाभरात विरघळतं.

त्याच दुपारी दुआन केंद्रावर आली. ती आणि तिचा नवरा वुत यांनी खाडीला लागून असलेले चार वाफे खंडाने घेतले होते. दोघंही ईशान्येकडची, भातशेतीतली. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तिने विलाईच्या टेबलावर काचेची बरणी ठेवली. आत मिठाचं फूल होतं, पहाटे पाण्यावर तरंगणारी ती पातळ पापडी, जी हाताने उचलून घ्यावी लागते.

"ताई, आम्हाला चंद्रबिंद्र काही कळत नाही. लोक आभाळाकडे बघून बोलतात, आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघतो. आता कागद आहे. किती बरं झालं."

विलाईने बरणी घेतली. घेताना तिला आपण मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलंही. हे मुद्दाम नमूद करायला हवं, कारण ती बरणी पुढे तिला फार जड गेली.

सोमवारी दुपारी प्लास्टिकच्या पिशवीतली थंड कॉफी नळीने ओढत ती पुढचा धडा करत बसली होती. पत्रक निघालं होतं, कायम नोकरीच्या फाइलवर सही गुरुवारी व्हायची होती. आता भीती नव्हती, म्हणून ती गंमत म्हणून शिकत होती. धडा तारखांचा. तारीख दिली की ज्युलिया वार सांगते. विलाईने आपली जन्मतारीख घातली. चौदा नोव्हेंबर २५१८. ती शुक्रवारची. इथे माणूस स्वतःचं वय विसरेल, पण वार विसरत नाही. शुक्रवारचा रंग निळा, शुक्रवारचा बुद्ध दोन्ही हात छातीवर ठेवून उभा. देवळात ती त्याच मूर्तीपुढे मेणबत्ती लावत आली होती.

ज्युलिया म्हणाली, सोमवार.

विलाई हसली. "अगं वेडे," असंही म्हणाली. मग तिने आजची तारीख घातली, पंचवीस मार्च २५६७. भिंतीवरचं कॅलेंडर सोमवार दाखवत होतं. ज्युलिया म्हणाली, बुधवार.

कॉफीची नळी तिच्या ओठात तशीच राहिली.

हिला २५६७ म्हणजे काय वाटतंय? तिने कागद ओढला. परदेशी लोकांचं साल आपल्याहून पाचशे त्रेचाळीसने मागे. त्यांचं हे २०२४. त्याला चाराने भाग जातो, म्हणून यंदा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा. पण २५६७ला चाराने भाग जात नाही. ज्युलियाला कुणी सांगितलं नव्हतं की हे बुद्धाचं साल आहे. तिने सरळ पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढचं एक साल धरलं, ज्यात एकोणतीस फेब्रुवारी नाहीच. आणि तेच ती सात ओळींत, लाल होऊन, सांगत होती.

म्हणजे अठ्ठावीस फेब्रुवारीनंतर तिने थेट एक मार्च मोजला. तिच्या लेखी जो एक मार्च, तो खरा एकोणतीस फेब्रुवारी. तिथून पुढे सगळे दिवस एकाने सरकलेले. तिच्या लेखी जो सत्तावीस मार्च...

विलाईने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा बोटं टेबलावर टेकवून मोजलं. बुधवार नाही. मंगळवार. उद्या.

ती उठली आणि साहेबांच्या दाराशी गेली. साहेब फोनवर होते. "हो सर, बुधवारीच. जिल्ह्याचे साहेब चार वाजता बांधावर येतील, फोटो तिथेच घेऊ. नाही नाही, आमच्याच कर्मचारी आहेत, करारावरच्या. शून्यातून शिकल्या." त्यांनी मान वर करून तिला हसून खूण केली. टेबलावर तिची फाइल होती, वर तिचा फोटो टाचलेला. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "ताई, काही हवंय?"

विलाईचं तोंड उघडलं. आतून काय बाहेर येईल, याची तिलाच भीती वाटली.

"काही नाही. कॉफी आणू का विचारायला आले."

"आणा ना. साखर कमी."

तिने कॉफी आणून दिली, साखर कमी. मग मोटारसायकल काढली आणि मावशीकडे गेली.

थोंगबाय ओट्यावर बसून बांगडे साफ करत होती. विलाई चप्पल न काढताच पायरीपर्यंत आली, तेव्हा मावशीने वर पाहिलं. सुरी थांबली नाही.

"मावशी, कागद चुकलाय. उधाण उद्या आहे."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"पुनव काल झाली. पुनवेपासून तिसऱ्या दिवशी पाणी बांधाला लागतं. माझ्या आजीच्या वेळेपासून लागतं. पुलाने ते थोडं वर चढायला लागलं असेल, दिवस कशाला बदलेल? चंद्र काय पुलाखालून जातो?" तिने बांगड्याचं डोकं टोपलीत टाकलं. "शुक्रवारी भोंगा ऐकला तेव्हाच कळलं. माझं मी उद्या सकाळी ओढणार होतेच."

"मग बोलली का नाहीस?"

"कागदाखाली तुझं नाव होतं."

विलाई खालच्या पायरीवर बसली. अंगणापलीकडे वाफे उन्हात पांढरे चकाकत होते, एकामागे एक, थेट खाडीपर्यंत. कुणाचंच मीठ ओढलेलं नव्हतं.

"मी गावप्रमुखांकडे जाते. भोंग्यावरून सांगू देत."

"जा. काय सांगशील? साहेबांना न विचारता सांगितलंस तर साहेब तोंडावर पडले. साहेबांना विचारून सांगितलंस तर तू पडलीस. आणि गुरुवारी सही कोण करणार, ज्युलिया?"

"मग काय करू? लोकांचं मीठ जाईल, मावशी!"

मावशीने सुरी धुतली, हात धुतले, लुंगीच्या काठाला पुसले. मग म्हणाली, "आज पहाटे तुझा काका माझ्या स्वप्नात आला होता."

"काय?"

"ओलाचिंब. गुडघ्यापर्यंत पाणी. म्हणाला, मंगळवारी दुपारच्या आत मीठ आत घे." तिने टोपी डोक्यावर चढवली. "चल. स्वप्नाला कुणाची सही लागत नाही."

काकाला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि जिवंतपणी त्याने बायकोला कसलाच सल्ला देण्याची हिंमत केली नव्हती. पण मेलेल्या माणसाचं वजन वाढतं. बांधावरून दोघी घरोघर गेल्या. मावशी पुढे, विलाई चार पावलं मागे, अपराध्यासारखी. पहिल्या घरी म्हातारा म्हणाला, "थोंगबाय, मलाही कागद ऐकून जरा खटकलंच होतं." दुसऱ्या घरी बाईने लगेच नवऱ्याला फावडी काढायला लावली. तिसऱ्या घरी वेगळाच प्रश्न आला.

"काकांनी बोटं किती दाखवली?"

"कसली बोटं?"

"अहो, एक तारखेला सोडत आहे लॉटरीची. ओल्या माणसाने काही आकडा दिला असेल ना?"

"तीन," मावशी चटकन म्हणाली. "आणि मीठ ओढल्याशिवाय लागणार नाही म्हणाला."

सूर्य मावळतीला गेला होता, समोरून चंद्र वर येत होता, थोरला, पिवळा. दोघी शेवटच्या झोपडीपाशी पोचल्या. खाडीला अगदी लागून, बांध सगळ्यांत बुटका. झोपडीच्या खांबाला पत्रक खिळ्याने लावलेलं होतं आणि बुधवारभोवती लाल पेनने गोल काढला होता. वुत वाफ्याच्या काठावर उकिडवा बसून मिठाच्या थरात काडी खुपसून जाडी बघत होता.

मावशीने स्वप्न सांगितलं. आता ते घोटून चांगलं झालं होतं. काकाच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. वुतने दोन्ही हात जोडून नीट ऐकून घेतलं. मोठ्या माणसापुढे हसू नये म्हणून त्याने गाल आतून चावून धरला होता.

"मावशी, बुधवारी सकाळी ओढतो ना. अख्ख्या दिवसाचं ऊन कशाला सोडायचं? आणि शास्त्राने काढलंय आता."

"दुआन म्हणजे चंद्रच की. नावाने चंद्र तुझी बायको," मावशी म्हणाली, "आणि बघते कागदाकडे. वर बघ की जरा, पोरी."

दुआनने वर पाहिलं, केवळ सांगितलं म्हणून. मग विलाईकडे वळली. "ताई, तुम्ही सांगा. तुम्हीच काढलंय ना. कागद खरा, की स्वप्न?"

विलाईचे दोन्ही हात छातीवर आले, एकावर एक. तिला कळलंही नाही. घशात ते वाक्य तयार होतं, फार लांब नव्हतं: मी एक ओळ पुसली. पण त्या वाक्याच्या मागे गुरुवार उभा होता, फाइलवरचा फोटो उभा होता, साहेबांचं अर्धं राहिलेलं वाक्य उभं होतं.

"उद्याच ओढून घ्या," ती म्हणाली. "माझं ऐका."

"का पण?"

विलाईने वुतकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं. मावशी पाहत नव्हती. ती मुद्दाम खाडीकडे तोंड करून उभी होती.

"मावशीचं मन राहील," विलाई म्हणाली.

दुआन हसली, मोकळेपणाने. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली. "बरं. मावशींचं मन राखायला उद्या एक वाफा ओढतो आम्ही. तुमचा मान म्हणून. बाकीचे तीन बुधवारी."

परतताना विलाई दोनदा थांबली. दोनदा मावशीही थांबली, पण काही म्हणाली नाही. मागे फिर असंही नाही, चल असंही नाही.

मंगळवारी दुपारपर्यंत मिठागरात नुसती धांदल होती. ढीग उठले, कोठारं भरली. संध्याकाळी पाच वाजता विलाई केंद्रामागच्या मापाच्या खांबाशी जाऊन उभी राहिली. एकोणीस वर्षं ती या खांबावरचे आकडे वाचत आली होती. आज तिला ते वाचायचे नव्हते आणि नजर हलत नव्हती. पाणी आवाज न करता चढत होतं. एक रेघ बुडाली. मग दुसरी. वारा नव्हता, लाटा नव्हत्या. कुणी खालून हळूच उचलावं तशी खाडी वर येत होती. थांब, ती म्हणाली, आधी मनात आणि मग मोठ्याने. सहाला बांधाची रेघ बुडाली.

लांब, शेवटच्या झोपडीपाशी, दोन माणसं धावताना दिसली. एकाच्या हातात फावडं होतं. ती माणसं बांधावर माती ओढत होती, मग पाण्यात उतरून हातांनी मीठ काढत होती, टोपल्यांनी, भांड्यांनी. विलाई धावली. पोचली तेव्हा तीन वाफ्यांत पाणी होतं, गुडघ्यापर्यंत, आणि मावळतीचं आभाळ त्यात स्वच्छ पडलं होतं. वुत अजून पाण्यात वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपत होता. हाती नुसता चिखल येत होता.

दुआन झोपडीच्या दारात बसली होती. विलाईला पाहून ती उठायला लागली.

"ताई, तुम्ही कशाला आलात एवढ्या धावत? तुम्ही तर सांगितलं होतं. आम्हीच ऐकलं नाही."

विलाई पाण्यात उतरली आणि वुतच्या शेजारी वाकून तळ चाचपू लागली. तिच्या मनगटांना ओरखडे निघाले, मिठाने ते चरचरले.

बुधवारी चार वाजता जिल्ह्याचे साहेब आले आणि ढिगांसमोर फोटो झाला. पकोर्न साहेबांनी अहवालात लिहिलं, की पुलाच्या परिणामामुळे पाणी एक दिवस आधी चढलं, मात्र पत्रकामुळे गावात आधीच जागरूकता आल्याने बहुतेकांनी मीठ वेळेत ओढलं. नुकसान फक्त तीन वाफ्यांचं. हे त्यांनी मनापासून लिहिलं. गुरुवारी सही झाली.

शुक्रवारी विलाईने खोलीचं दार लावून घेतलं आणि ज्युलियाला हाक मारली. प्रत्येक सालातून पाचशे त्रेचाळीस वजा करणारी एक ओळ तिने लिहिली. मग पुसलेली ओळ वहीतून पाहून पुन्हा जागेवर घातली. एंटर दाबलं. काही लाल झालं नाही. ज्युलियाने ती ओळ निमूट घेतली, जणू तिचं कधी काही म्हणणंच नव्हतं. पुढचं पत्रक अचूक निघालं, त्याच्या पुढचंही.

वुत आणि दुआन एप्रिलच्या सणाला गावी गेली, ती परत मिठागरात आली नाहीत. महाचायला मासळीच्या कारखान्यात लागली, असं कुणीतरी सांगितलं. जाताना दुआन झोपडी झाडून, सारवून गेली. खांबावरचं पत्रक मात्र तिने काढलं नव्हतं. विलाई एकदा मुद्दाम जाऊन ते काढून आली. बुधवारभोवतीचा लाल गोल उन्हाने गुलाबी झाला होता.

तर जमा अशी पडली. पकोर्न साहेबांना फोटो मिळाला आणि वर्षाअखेर बढती. थोंगबाय मावशीला खरी स्वप्नं पडणारी म्हणून नाव मिळालं. सोडतीच्या आदल्या दिवशी तिच्या ओट्यावर आता रांग लागते, आणि ती सगळ्यांना तीन हाच आकडा सांगते. विलाईला गार खोलीतली खुर्ची मिळाली, ओळखपत्र मिळालं, पांढऱ्या गणवेशातला फोटो भिंतीवर लागला. मार्चचा गोळा आता येत नाही. त्याऐवजी दर पुनवेपासून तिसऱ्या दिवशी ती खांबाशी जाऊन उभी राहते. मिठाच्या फुलाची बरणी टेबलावर आहे, झाकण न उघडलेली.

आणि एका बोटाने पुसलेला तो एकोणतीस फेब्रुवारीचा दिवस भरून दिला वुत आणि दुआनने. पावती त्यांनी मागितली नाही. जाताना हात जोडून विलाईचे आभार मानून गेली.